सूर्याच्या जटा

माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध एक डाग आहे. बाहेरून तो कोणाला दिसत नाही, डोळा चांगला काळाभोर आहे. पण डावा डोळा झाकून मी समोरच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, तर त्याचं तोंड नेमकं पुसलं जातं. कान, केस, डोक्यावरची टोपी तेवढी उरते. माणूस जवळ आला की नुसतं नाक नाहीसं होतं. पुस्तक धरलं तर जी अक्षरं वाचायची तीच नेमकी जातात आणि आजूबाजूची राहतात. “दुसरा धड आहे ना, मग झालं तर,” असं ज्यांनी ज्यांनी मला आजवर सांगितलं, त्यांचा एकेक डोळा काढून घ्यावा आणि मग हेच वाक्य त्यांना ऐकवावं, असं मला आजही वाटतं.

हा डाग माझ्या काकांनी दिलेला आहे. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. रत्नागिरीला आमच्या घरात त्यांचाच शब्द चाले. कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान राग धरायला सोपं गेलं असतं. ते शहाणे होते, आणि आपण शहाणे आहोत हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

मी जन्मायच्या वीसेक वर्षं आधी आमच्या जिल्ह्यात खग्रास ग्रहण झालं. विजयदुर्गच्या किल्ल्यावर ते बघायला विलायतेहून साहेबलोक दुर्बिणी घेऊन उतरले होते. काका तेव्हा नुकते कचेरीत चिकटलेले उमेदवार कारकून. साहेबांच्या तळाला पाणी, लाकूडफाटा आणि कोंबड्या पुरवायच्या कामावर त्यांना पाठवलं होतं. आमच्या घरातला, कांदाही वर्ज्य असलेला तरुण, डोक्याला उपरणं गुंडाळून कोंबड्या मोजून घेत होता. पण त्या दुपारी चंद्राने सूर्य पुरता झाकला, साहेबांनी घंटा वाजवली, “काचा खाली ठेवा” म्हणून दुभाष्याने ओरडून सांगितलं, आणि काकांनी नुसत्या डोळ्यांनी वर पाहिलं.

“मधे काळी चकती,” काका सांगत. “अगदी काळी, तव्याच्या बुडासारखी. तिच्या कडेला कुंकवाचं बोट फिरवावं तशी लाल रेघ. आणि तिच्या बाहेर, चहूकडे, पांढऱ्या जटा. सूर्याने जटा मोकळ्या सोडल्या होत्या. एक इकडे लांब गेलेली, दोन तिकडे. काच होती तोवर काही दिसत नव्हतं. काच काढली आणि दिसलं.”

हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही त्यांच्या आवाजासकट ऐकू येतं. संध्याकाळी ओटीवर बसायला येणाऱ्या मंडळींनीही तितक्याच वेळा ऐकलं होतं, आणि ती कंटाळली होती. “तुम्ही खरंच वर बघत होतात की कोंबड्यांकडे?” असं कोणीतरी विचारी आणि सगळे हसत. काकाही हसत, पण त्यांच्या मानेची शीर ताठ होई. किल्ल्यावर त्यांच्याबरोबर असलेल्यांतलं रत्नागिरीत कोणी नव्हतं. “मी बघितलं” म्हणणारा सबंध गावात एक माणूस, आणि त्याला साक्षीदार नाही. हे सगळं मला नंतर उमगलं. उमगलं म्हणून राग कमी झाला, असं मात्र झालं नाही.

सव्वीस सालच्या संक्रांतीलाच सूर्यग्रहण आलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. दुपारच्या आत लागणार होतं. आईने पहाटेच लाडू डब्यात घालून डब्यावर तुळशीपत्र ठेवलं होतं, पाण्याच्या घागरींत दर्भ टाकला होता आणि आम्हां पोरांना माजघरात बसायला बजावलं होतं. आईचं ज्ञान एवढंच होतं, की ग्रहण वाईट आणि त्याच्याकडे बघू नये. का बघू नये हे तिला कोणी विचारलं असतं तर तिने काहीतरी राहू-केतूचं सांगितलं असतं.

काका अंगणात उभे राहून म्हणाले, “ग्रहण बघायचं असतं, लपायचं नसतं. पोरीला बाहेर पाठवा.”

आई काकांशी थेट बोलत नसे. तेव्हा थोरल्या दिराशी कोणीच बोलत नसे. काही सांगायचं झालं की ती माझ्याकडे बघून मोठ्याने बोलायची, आणि ते त्यांनी ऐकायचं. ती मला म्हणाली, “गप घरात बस गो. डोळे फुटतील, मग कोण करील लग्न?”

“तिला म्हणावं, हा अडाणीपणा आता पुरे,” काका बाहेरून मला म्हणाले. माझ्या डोक्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं आणि मी देवाच्या कौलासारखं फूल कोणत्या बाजूला पडतं ते बघत होते. फूल काकांच्या बाजूला पडलं, कारण त्या घरात ते दुसरीकडे कधी पडतच नसे. मीही खूष झाले. शहाण्या माणसाने मला शहाण्यांत घेतलं होतं.

काकांनी खिडकीच्या फुटक्या तावदानाचा तुकडा चिमणीवर धरून काळा केलेला होता. डावा डोळा मिटून मी उजव्याने त्यातून पाहिलं. तांबूस सूर्य, आणि भाकरीचा एका बाजूने घास तोडावा तसा तोडलेला. मला फार आवडला. मी तेवढ्यावर समाधानी होते हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे घरात वेगळंच सांगितलं गेलं.

“जटा दिसतात का?” काकांनी विचारलं. त्यांच्या हातात खिशातलं घड्याळ होतं. साहेब घड्याळ बघत होते म्हणून काकाही घड्याळ बघत होते.

“नाही.”

“कशा दिसतील? काच काढ. काच काढल्याशिवाय दिसत नाहीत.”

डावा डोळा तसाच मिटून मी काच काढली आणि लगेच मान खाली घातली. डोळ्यांतून पाण्याची धार लागली.

“पहिल्यांदा दुखतं,” काका म्हणाले. “टक लावून बघ. डोळा निवला की दिसेल. मी बघितल्येत, मला परत बघायला नकोत. तू बघ आणि मला सांग.”

मी बघितलं. काका घड्याळ बघत होते आणि मी सूर्य बघत होते. परत मान खाली, परत वर. मला जटा दिसत नव्हत्या आणि मला त्या दिसाव्यात असं काकांना फार वाटत होतं, म्हणून मी आणखी बघितलं. शेवटी मी म्हटलं, “नाही हो दिसत,” तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि “तुझं लक्ष नाही,” असं म्हणून ते आंघोळीला विहिरीवर गेले.

संध्याकाळी नुसत्या उजव्या डोळ्याने दिव्याची ज्योत बघितली तर ज्योत नव्हती, भोवतीचा उजेड होता. आईने डोळ्यात दूध घातलं, गुलाबपाणी घातलं. नंतर इस्पितळातल्या डॉक्टरने दिवा धरून पाहिलं आणि हा डाग जायचा नाही असं वडिलांना सांगितलं. वडिलांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “काच हातात दिली होती. पोरीने काढलीन. हूड आहे.”

मी तिथेच उभी होते. मला वाटलं आता कोणीतरी मला विचारील. कोणी विचारलं नाही. आठवड्याभरात ते वाक्य घरातल्या भांड्याकुंड्यांसारखं सगळ्यांचं झालं. शेजारी विचारायला आले की आईसुद्धा म्हणायची, “हिने काच काढलीन आणि डोळा घालवलान.” ती जे म्हणाली होती तेच खरं ठरलं होतं, पण तेही बोलायची तिला मुभा नव्हती. आणि खरं सांगायचं तर मीही ते मानायला लागले. लक्ष नव्हतं, नीट बघितलं नाही, म्हणून जटा दिसल्या नाहीत आणि डोळाही गेला, असं मला वाटे. नऊ वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार.

हे दोनेक वर्षं चाललं. मग शाळेत आम्हाला एक नवीन बाई आल्या, पुण्याहून शिकून आलेल्या. त्यांनी एके दिवशी फळ्यावर सूर्य काढला. आपल्याला दिसतो तो हा गोळा, त्यावर पातळ लाल थर, आणि त्याच्या बाहेर लांबवर पसरलेलं विरळ पांढरं आवरण. त्याला त्या किरीट म्हणाल्या. रात्रीच्या प्रत्येक ताऱ्याला असंच काही ना काही आवरण असणार, पण इतक्या लांबून ते आपल्याला कसं दिसणार, असंही म्हणाल्या.  काळी चकती, लाल रेघ, पांढऱ्या जटा. काका खरं बोलत होते. त्यांनी कोंबड्यांकडे बघितलं नव्हतं.

मी हात वर करून विचारलं, “बाई, अर्ध्या ग्रहणात तो दिसतो का? काच काढली तर?”

“छे,” बाई म्हणाल्या. “नखाएवढा सूर्य उघडा राहिला तरी दिसायचा नाही. किरीट चांदण्याइतका मंद. सूर्याच्या झगझगाटापुढे त्याचं काय चालणार? तो आत्ताही आहे, आपल्या डोक्यावर, या क्षणी. सूर्य पुरता झाकला गेला तरच दिसतो, आणि तेवढाच वेळ काच काढायची. एरवी काढलीस तर डोळा जाईल.”

वर्गातल्या दोघीतिघी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी बाकाची कड धरून बसले. म्हणजे माझं लक्ष होतं. मी नीटच बघितलं होतं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच, आणि काकांनी मला तिथे बघायला लावलं होतं. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यानंतर तो कधी पुरता उतरलेला नाही. आईच्या अडाणीपणाने माझा डोळा राहिला असता. तो गेला काकांच्या ज्ञानाने. त्यांनी पाहिलेलं खरं होतं, सांगितलेलं खरं होतं, फक्त ते त्या दिवसाचं नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणारी माणसं मी पुढे खूप पाहिली, पण स्वतः पिवळं होऊन दुसऱ्याचा डोळा घालवणारं हे एकच.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवणाच्या पंगतीत ते बोलले. बाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, “काका, तुम्हीच मला काच काढायला सांगितलंत.”

काकांनी आपोष्णीसाठी घेतलेलं पाणी हातातच राहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, “विजयदुर्गाला मी होतो. तुझी बाई होती का?”

वडिलांनी मला माफी मागायला सांगितलं. मी मागितली नाही, आणि त्या दुपारी जेवलेही नाही. मला काकांकडून काही नको होतं. ‘मी सांगितलं होतं,’ एवढे तीन शब्द त्यांनी चार माणसांत बोलावेत, एवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी मी त्या घरात डूख धरून राहिले.

पुढच्याच उन्हाळ्यात, चैत्र संपता संपता, पुन्हा ग्रहण आलं. तेही खंडग्रासच. अंगणात नेहमीसारखा माडाच्या झापांचा मांडव घातलेला होता आणि काकांनी आळीतली पोरं बोलावली होती. प्रत्येकाच्या हातात काळी काच. काकांच्या हातात घड्याळ.

मी आधीच ठरवलं होतं. झापांच्या फटींतून मांडवाखाली जे कवडसे पडतात, ते ग्रहणात सूर्याचा आकार घेतात, हे बाईंनी सांगितलं होतं. ग्रहण लागलं तसं सारवलेल्या अंगणभर घास तोडलेले सूर्य पडले. मी पोरांना उन्हाकडे पाठ करून मांडवात बसवलं आणि खाली बघायला सांगितलं. पोरं हरखली. एकाने कवडसा तळहातावर घेतला, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर पडलेला बोट ठेवून दाखवला.

“सावल्या काय बघता रे,” काका बाहेरून म्हणाले. “इकडे या. वर बघा. आता मी सांगेन तेव्हा काच काढायची.”

दोन पोरं उठली. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. “कोणी काच काढायची नाही. माझा डोळा ह्यांनीच घालवला. काच काढ, टक लावून बघ, असं ह्यांनीच सांगितलं आणि स्वतः घड्याळ बघत बसले.”

दगडी गडग्यापलीकडे शेजारची माणसं उभी होती. काकांचं तोंड लाल झालं. त्यांनी हात उगारला, मारला नाही. आणि तेवढ्यात आई ओटीच्या पायऱ्या उतरून अंगणात आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरळ काकांना म्हणाली, “भावजी, पोरांना घरी जाऊ दे.”

लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.  काका आत निघून गेले, आणि पोरं काचा तिथेच टाकून पांगली. कोणाचा डोळा गेला नाही. याबद्दल कोणी माझे आभार मानले नाहीत, उलट आळीत माझं नाव तोंडाळ म्हणून झालं.

माझी शाळा दुसऱ्याच आठवड्यात कायमची सुटली. “शाळेत जाऊन वर तोंड करून बोलायला शिकली,” असं काका वडिलांना म्हणाले, आणि वडिलांनी मान हलवली. बाई स्वतः घरी आल्या. त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. म्हणजे डोळा गेला तो गेला, वर शाळाही गेली. मला तारे शिकायचे होते. एका डोळ्याने का होईना, शिकले असते.

काका माझ्याशी बोलायचे बंद झाले आणि मी त्यांच्याशी. वाढायला गेले की ते ताटावर हात आडवा धरीत. माझं लग्न गावातच झालं, नवऱ्याला मी आधीच डोळ्याचं सांगून टाकलं आणि त्याने ते चालवून घेतलं. माहेर दोन गल्ल्या सोडून, पण काका ओटीवर असले की मी मागल्या दाराने जायची.

काही वर्षांनी काकांनी अंथरूण धरलं. एका सकाळी आईने निरोप धाडला की ते माझं नाव काढताहेत. मी गेले. आत स्वयंपाकघरात आई पेज ढवळत होती, वडील वैद्याकडे गेले होते. काकांच्या खोलीत मी एकटीच. कित्येक महिने न्हावी आला नव्हता. ज्या माणसाची हजामत कधी एक दिवस चुकली नव्हती, त्याचे केस आणि दाढी उशीवर पांढरी पसरली होती.

“बस,” ते म्हणाले. मी बसले नाही.

 आढ्याकडे बघत ते म्हणाले, “अगो, तेव्हा संक्रांतीला मी तुला काच काढ म्हटलं ना, तेव्हा तुला दिसल्या होत्या का गो जटा? जराशा तरी?”

दहा वर्षं मी ज्या शब्दांची वाट बघत होते ते असे आले. चार माणसांत नाही, कबुली म्हणून नाही, सहज, दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात. मी म्हटलं, “काय म्हणालात? मोठ्याने बोला. आईला ऐकू येऊ दे.”

“दिसल्या का?” त्यांनी एवढंच परत विचारलं. पहिलं वाक्य ते विसरलेही होते. त्यांना डोळ्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना साक्षीदार हवा होता, तेव्हाही आणि आताही.

मी रागाने मागे सरले. निघूनच जायचं होतं. दारापर्यंत गेले आणि काय मनात आलं कोण जाणे, वळून डावा डोळा हाताने झाकला. एक पाऊल पुढे, अर्धं मागे, डागाचं आणि तोंडाचं माप जुळेपर्यंत. काकांचे डोळे, नाक, तोंड, सगळं नाहीसं झालं. मधे काळपट चकती राहिली, आणि तिच्या भोवती, उशीवर, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या जटा. एक लांब गेलेली, दोन दुसरीकडे.

“दिसतात,” मी म्हटलं.

त्या चकतीतून त्यांचा आवाज आला. फार दिवसांनी इतका मोकळा आला.

“मग एवढी वर्षं रागावलीस कशाला गो?”

मी डोळ्यावरचा हात काढला. काकांचं तोंड परत आलं. ते हसत होते.